आईने दिलेली साक्ष

आमच्या बेलवलीच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी गाणी झाली की साक्ष असायची. देवाने ज्याचं काही भलं केलं त्याने उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला, कुणाला नोकरी लागलेली. आई एरवी मागच्या चटईवर बसून नुसतं आमेन म्हणायची. त्या रविवारी मात्र ताडकन उभी राहिली. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि आठवड्याने तिच्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. "प्रभूने माझी साखर घालवली," ती म्हणाली. टाळ्या पडल्या, हालेलुया झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने इन्सुलिन बंद केलं.

अहो, रिपोर्ट नॉर्मल आला तो सुईमुळेच! मला कळत होतं ना. रोज सकाळी मीच तिला टोचायचे आणि मग अंबरनाथला कंपनीत पळायचे. एकदा बोलूनही पाहिलं. "तुझा विश्वासच कमी आहे," तिने मला गप्प केलं. मीही गप्प बसले. खरं सांगू? सकाळी पंधरा मिनिटं जास्त झोपायला मिळत होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन आठवड्यांनी आई घरातसुद्धा पायमोजे घालायला लागली. भर मे महिन्यात, बदलापूरच्या उकाड्यात, वर लोडशेडिंग! तिच्याजवळ बसलं की बामाचा वास यायचा, आणि त्याच्याखालून दुसरा एक. शनिवारी दुपारी ती झोपलेली असताना मी मोजा ओढून काढला. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

"नवी चप्पल लागली गं," ती दचकून उठत म्हणाली. "दुखत नाही काही."

दुखत नाही म्हणे! "उठ, आत्ताच्या आत्ता उल्हासनगरला डॉक्टरकडे जायचं."

"नाही."

"अगं, पाय जाईल तुझा!"

"जाऊ दे. सगळ्यांसमोर साक्ष दिलीय मी. आता सुई घेतली तर ती खोटी ठरेल. देवाच्या नावाने खोटं बोललेली बाई म्हणून मरू का मी?"

"मग पाय कापलेली बाई म्हणून मर!" मी ओरडले. असलं बोलले मी, माझ्या आईला. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केलेला मला ऐकू आला.

ती काही हलली नाही. मग मी ठरवलं, उद्या पाळकांनाच पाय दाखवायचा आणि सगळ्यांच्या देखत विचारायचं, आता काय करू म्हणून. रविवारी तिला रिक्षात घालून नेलं. गाणी संपली. मी उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतली वांगणीची एक बाई उभी राहिली.

"मला पण साखर आहे," ती लाजत म्हणाली. "मावशींची साक्ष मी इथंच ऐकली. आठ दिवस झाले, मी पण सुई ठेवून दिली. चक्कर येते, हात थरथरतात. पण विश्वास धरलाय मी."

टाळ्या सुरू झाल्या. मी आईकडे बघितलं. ती भिंतीला धरून उठत होती.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. सगळ्यांसमोर तिने मोजा काढला. वास पसरला, बायकांनी पदर नाकाला लावले. "हे बघ, बाळा. मी बरी झाले नव्हते. सुई चालू होती म्हणून रिपोर्ट चांगला आला. नंतर मला कळत होतं, तरी मी लपवलं. तू घरी जा आणि सुई घे. आत्ता जा!"

आता पाळक यावर प्रार्थनेचं पांघरूण घालणार, असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. पाळक आले, गुडघ्यावर बसले, पाय बघितला. त्यांचा चेहराच उतरला. "प्रार्थना रिक्षात करू," ते म्हणाले. वांगणीच्या बाईला दवाखान्यात न्यायला त्यांनी आपल्या बायकोला सांगितलं आणि रिक्षा थांबवायला अनवाणीच रस्त्यावर धावले.

पुढे आईचा अंगठा गेला, पाऊल वाचलं. पण त्या दिवशी उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांनी पाय तपासता तपासता आधी एवढंच विचारलं, "इन्सुलिन किसने बंद करवाया?"

पाळक पुढे होऊन बोलणार, तोच आई म्हणाली, "मैंने खुद."

"और घर में किसी को मालूम नहीं था?"

आई घाईघाईने मान हलवून नाही म्हणायला लागली. त्या अवस्थेतही ती मला वाचवत होती.

"मालूम था," मी म्हटलं. "मुझे मालूम था, डॉक्टर."