दुरडीभर मेथी

दुरडी शिगोशीग भरली की रेणुकावहिनी मेथीवर तळहात ठेवायची आणि अशी दाबायची, की दुरडी अर्ध्यावर यायची. "लय हवा हाय हिच्यात," म्हणायची आणि पुन्हा भरायची. मेथी खाली जाईनाशी झाली, की मगच ती दुरडी भरली म्हणायची.

माझ्या दादाची ही बायको आमच्या ताडकळसच्या घरी आली, तेव्हा मी परभणीला इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर होते. सुटीत घरी गेले, की स्वयंपाकघरातून आईची हाक यायची ती "रेणू!" अशी. मला हाक यायची ताटं वाढून झाल्यावर, पाहुणीला येते तशी.

वहिनी मोठ्याने हसायची, दारातूनच शेजारणींची थट्टा करायची. एकदा दादाला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या तोंडाला कुलूप घालाया पाहिजे, अन् ताईंचं काढाया पाहिजे." सगळे हसले. आईही हसली. मी कुलूप तसंच ठेवलं.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा आईची भज्जी आपल्याबरोबर न्यायची, असं मी ठरवलं. येळवशीच्या अमावास्येला आमच्याकडे शेतात जेवण असतं, आणि त्या जेवणात तुरीचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी आणि बेसन घालून शिजवलेली ही घट्ट भाजी लागतेच. पण आईचं माप म्हणजे वाटी, ओंजळ, दुरडी. पुण्यात मेथी जुडीने मिळते, आणि एक जुडी दुसरीसारखी नसते. म्हणून येळवशीच्या आदल्या दिवशी मी वजनकाटा घेऊन घरी गेले.

"काय मोजायलाव ताई? हवा?" वहिनीने विचारलं आणि तिच्या पद्धतीने दुरडी भरून दिली. चारशे दहा ग्रॅम.

"आई, तू भर," मी म्हणाले. "मला तुझं माप पाहिजे."

आई खाटेवर बसली होती. "अगं, तिचा हात तोच माझा हात."

नेमकं हेच मला ऐकायचं नव्हतं. मी दुरडी तिच्या मांडीवर ठेवली. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी तिने मेथी भरली, वर तळहात ठेवला. पानं जेमतेम हलली. काट्यावरचा आकडा वहिनीच्या निम्माही नव्हता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली.

मी दोन्ही वजनांची भज्जी वेगवेगळ्या पातेल्यांत केली. बाकी सगळं सारखं. कुठली कुणाची ते न सांगता आईला चाखायला दिली.

पहिला घास घेऊन आई म्हणाली, "ही कसली भज्जी? पिठलं हाय हे." ती आईच्याच मापाची होती.

दुसरा घास तिने हळूहळू खाल्ला. "हां. ही माझी."

वहिनी हसली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पहिलं पातेलं स्वतःकडे ओढलं, "मला पातळच आवडती," म्हणाली आणि भाकरीबरोबर ते संपवून टाकलं. धड रागावताही येऊ नये, असं ती वागायची.

पुढच्या येळवशीला आई नव्हती. नंतर मुलांच्या शाळेसाठी दादा-वहिनी नांदेडला गेले. यंदा येळवशीच्या आधी वहिनीचा फोन आला.

"ताई, हितं सगळं जुडीवर. दुरडी गावाकडंच ऱ्हायली. आत्याबाईंची भज्जी जमंनाच गेली बघा. माझी दुरडी किती भरली होती त्या दिवशी?"

"चारशे दहा," मी म्हणाले.

"बघा! माझा हात तुमच्यापाशी ऱ्हायला की," ती हसली.

दुसरा आकडा तिने विचारला नाही. आईच्या बोटांनी दाबली गेली तेवढी मेथी. त्या वजनाने भज्जी होत नाही, हे मला माहीत आहे. तो आकडा मला पाठ आहे, आणि वहिनीने विचारला तरी मी तो सांगणार नाही.