खानावळीची जागा

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. आई नर्स म्हणून चंदीगडला निघाली तेव्हा आजोबांनी तिच्या भांड्यांना गिरणी कामगारांच्या सभांची जुनी पत्रकं गुंडाळून दिली होती. आईने ती जपून ठेवली. त्यामुळे मी वाचलेलं पहिलं मराठी वाक्य 'कामगार बंधूंनो, एक व्हा' हे होतं. इथल्या मराठी मंडळातली बाकी मुलं मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची आणि मी सभेत उभी असल्यासारखी बोलायचे. मंडळाचे अध्यक्ष काका, बदलीवर आलेले बँक अधिकारी, सगळ्यांदेखत म्हणायचे, "हिला पाणी हवं असलं तरी ही आधी घोषणा देते."

गेल्या गणपतीत देखावा मुंबईचा ठरला आणि तो माझ्याकडे आला. आम्ही पोरांनी रात्रंदिवस खपून थर्माकोलचं शहर उभं केलं. बंदर, बँका, उंच इमारती, फिल्मचा स्टुडिओ. काकांनी तीन पाट्या रंगवल्या होत्या: इतिहास, अर्थव्यवस्था, संस्कृती.

ड्यूटी संपवून आई सेक्टर ३२ च्या इस्पितळातून थेट मांडवात आली. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग ती हसतच सुटली. सगळे रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे. प्रत्येक चौकात गोल बगिचा, प्रत्येक वस्तीच्या मधोमध मार्केट. समुद्र झाकला तर चंदीगडच्याच सेक्टर १७ च्या आसपासचा भाग वाटला असता. इथेच वाढलेल्या आमच्या हातांना वाकडी गल्ली काढताच येत नव्हती.

मग आई खाली बसली आणि तिने आमचे रस्ते उपटले. मुंबई आधी कागदावर आखून उभी राहिली नाही, ती सांगत होती. समुद्र हटवून जमीन केली, गोदीत आणि गिरणीत काम मिळालं तिथे माणसं दाटीने राहिली. कोळ्यांच्या होड्यांपासून आईने मांडायला सुरुवात केली आणि गिरणीच्या चिमणीला टेकून तिने एक खोली ठेवली. तिच्या आईची खानावळ. गावाकडून एकटे आलेले कामगार पाळी सुटली की तिथे जेवायचे. आजी चुलीपुढून उठायची ती फक्त नवी पंगत वाढायला.

काकांना खोली आवडली. त्यांनी ती कौतुकाने उचलून 'संस्कृती'खाली, लेझीमच्या बाहुल्यांशेजारी ठेवली. मी ती उचलून 'अर्थव्यवस्था'खाली, बँकेला खेटून ठेवली. त्यांनी परत नेली. माझं म्हणणं होतं की आजीने कामगार जेवू घातले नसते तर गिरणी एक पाळीही चालली नसती. काकांचं म्हणणं होतं की माया ही अर्थव्यवस्था नसते. पोरं गालात हसत होती. माझ्यासाठी तो हसण्याचा विषय नव्हता. आजीचं आयुष्य कुठल्या पाटीखाली जाणार, हे ठरत होतं. आई मात्र खाली बसून गल्ल्या वाकवत होती.

आरतीला शेजारच्या पंजाबी आंटी आल्या. खोली बघून त्या भारावल्या आणि आईला म्हणाल्या, "लंगर था जी?"

'हो' म्हणणं सोपं होतं, आणि गुरुद्वारातल्या फुकट जेवणाची सेवा म्हटल्याने आजीचा मानही झाला असता.

आई म्हणाली, "नहीं जी. मेरी माँ का धंदा था. महीने के पैसे लेती थी. उसी पैसे से मैं नर्स बनी."

आंटींनी मान डोलावली. "फिर तो पक्की बिज़नेसवाली थी," त्या म्हणाल्या आणि खोलीपुढे पेढा ठेवला.

काका पुढे झाले. मग त्यांनी खानावळ दोन्ही हातांनी उचलली. बँक सरकवून त्यांनी जागा केली आणि मला म्हणाले, "ताई, पाटी सरळ आहे का बघ."

मी बघितलं. 'अर्थव्यवस्था' ही अक्षरं थेट आजीच्या चुलीवर आली होती. त्या दिवशी मला घोषणा सुचली नाही. आलेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगत राहिले, की मुंबई कुणी चालवली ते इथे बघा.