दहा हजार एक

मला पाहायला शेगावहून पाहुणे आले तेव्हा मी सातवी पास होते आणि तेवढ्यावर माझं नाक बरंच वर होतं. आमच्या बीबी गावात तीसपर्यंतचे पाढे माझ्याइतके घडाघडा कोणी म्हणत नसे. मुलाच्या मामांनी औटकी विचारली, म्हणजे साडेतीनचा पाढा. तीही म्हटली. मग मुलगाच बोलला. हायस्कुलात गणित शिकवणारा, सडपातळ, कानापर्यंत लाजलेला. मला तो पाहताक्षणी आवडला होता.

"दहा हजार एकले कशानं भाग जाते?"

मी मनातल्या मनात सगळे पाढे फिरून आले. "कशानंच नाही."

"जाते."

"नाही जात!" आवाज जरा चढलाच. पाहुणे पोहे खायचे थांबले. मामा "कळवतो" म्हणाले. निघताना तो हळूच म्हणाला, "पाहा बरं पुन्हा."

ते गेल्यावर आई कडाडली, "काऊन वो, पाहुण्यासंग वाद घालाले तुले कोनं सांगतलं? आता कायचं जमते!"

मला रडू आलं. स्थळ हातचं गेलं म्हणून, आणि तो खरा असेल तर, म्हणूनही. आमच्या शाळेत पाढे तीसला संपत, म्हणून भाग घालायच्या संख्याही तिथंच संपतात असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मळ्यात वांगी तोडता तोडता एकतीसपासून सुरुवात केली. हे कुठवर चालायचं, या विचारानं आधी धडकी भरली. मग लक्षात आलं, गुणायच्या दोन्ही संख्या शंभराच्या वर असल्या तर गुणाकार दहा हजार एकच्या पुढेच जाणार. म्हणजे धाकटी शंभराच्या आत सापडायला हवी, नाहीतर मीच खरी. आणि जिथं तीननं भाग जात नाही, तिथं तेहतीसनं कशाला जाईल? किती थोड्या उरल्या! बांधावर मी एकटीच हसत सुटले. घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर कोळशानं भागाकार मांडत गेले. त्र्याहत्तरला बाकी शून्य आली. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. मी हरले होते, आणि मला कोण आनंद झाला होता!

शेगावहून मात्र काहीच कळलं नव्हतं. बाबा तिकडे दर्शनाला निघाले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "त्यायले सांगा, मी चुकले. त्र्याहत्तर अन् एकशे सदतीस."

"पोरीच्या जातीनं असा निरोप धाडते का कोनी?" बाबा म्हणाले. पण मेहकरमार्गे जाणारी बस येईपर्यंत आकडे पुटपुटत उभे राहिले.

परत आले ते हसतच. आईला म्हणाले, "त्यायच्या घरी दुसरी पोरगी पसंत करून राह्यले होते. पोरगाच अडून बसला. म्हने, बीबीचं उत्तर येऊ द्या पह्यले."

लग्नानंतर मी ह्यांना विचारलं, उत्तर येईलच याची एवढी खात्री कशी होती?

"जिनं भर बैठकीत मले नाही म्हटलं," हे म्हणाले, "ती काय गप बसनार होती?"