पिकू दे

डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणं हे माझं काम. हातात एक छोटा कॅमेरा, त्याला जोडलेला मोबाईल आणि समोर डोळा ताणून बसलेला माणूस. हा पडदा डोळ्याच्या आत, पार मागं असतो. साखरेच्या आजारात तो आतल्या आत नासत जातो आणि दुखत मात्र काही नाही. दाढ ठणकली की माणूस मुकाट दवाखाना गाठतो. डोळ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दिसतंय की!" दिसतंय ते कुठवर, हे सांगायला गेलं की आम्हीच अभद्र बोलणारे ठरतो.

गेल्या वर्षी गडमुडशिंगीला आमचं शिबिर झालं. माझी थोरली बहीण त्याच गावात दिलेली, म्हणून मीच हट्टानं हे गाव यादीत घालून घेतलं होतं. अक्काला साखर होऊन बरीच वर्षं झाली होती. शहरात ये, डोळे बघू, म्हणून मी दोनदा फोन केला होता. "म्हशीची धार कोण काढणार?" या एका वाक्यावर तिनं मला गप्प केलं. खरं सांगायचं तर मीही फार नेट लावला नव्हता.

आदल्या दिवशी गावात रिक्षा फिरली ती 'मोतीबिंदू तपासणी' असं ओरडत. मी भोंगेवाल्यावर चिडले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, पडदा म्हटलं तर लोकं म्हणतील शिनेमा दाखवत्यात." मोतीबिंदू कळतो लोकांना. पडदा कळत नाही.

ग्रामपंचायतीच्या हॉलच्या खिडक्यांवर चादरी बांधून आम्ही अंधार केला. बाहुली मोठी करायला डोळ्यांत थेंब घालावे लागतात आणि मग काही तास जवळचं धूसर दिसतं. बायकांना संध्याकाळच्या धारेची काळजी. तरी रांग लागली. पहिलीच बाई खुर्चीत बसता बसता म्हणाली, "म्याडम, बघा, पण काढू नका हं. माझा अजून पिकायचा हाय." दुसरीही तेच. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं हा जुना समज. आमच्या आईच्या वेळी डॉक्टरही तसंच सांगायचे. पण तिसरीनंही "पिकू दे की अजून" म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"डोळा हाय का आंबा? आढीत घातलाय व्हय पिकायला?"

रांग खो खो हसली. मलाही बरं वाटलं, आपण फार हुशार बोललो असं.

"कोण शिकवतं हो तुम्हाला हे?" मी विचारलं.

"आमच्या गल्लीतल्या अक्कांनी सांगितलं. डेअरीमागं चार म्हशी हायत न्हवं, त्या. त्यांची बहीण कोल्हापुरात डोळ्याच्या दवाखान्यात हाय. ती काय खोटं सांगंल?"

मी तोंडाला मास्क लावला होता. मी कोण, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिचा फोटो मात्र मला पुन्हा काढावा लागला.

चारेक वर्षांपूर्वी मी दवाखान्यात नव्हतेच. शाहूपुरीत एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. पण माहेरची माणसं चष्म्याच्या दुकानालाही दवाखानाच म्हणायची आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. त्या दिवशी एक गिऱ्हाईक विसावी फ्रेम नाकावर चढवून आरशात बघत होतं, तेवढ्यात अक्काचा फोन आला. "डाव्या डोळ्यापुढं धुरकट दिसतंय गं. मधनंच काळं काय तरी तरंगतंय." फोन खांद्यात दाबून, हातानं दुसरी फ्रेम पुसत मी म्हणाले, "मोती असंल. पिकू दे, मग काढू." अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिला साखर आहे हे मला माहीत होतं. काळं तरंगतंय हेही तिनं सांगितलं होतं; मोत्यात तसं काही तरंगत नाही. मी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही.

नंतर मी हे पडद्याचं काम शिकले, शेकडो लोकांना मोती वेगळा आणि पडदा वेगळा हे घसा कोरडा करून सांगितलं. तो फोन मला एकदाही आठवला नाही.

अक्का शेवटी आली, चारच्या सुमाराला. "मी येतो म्हटलंतं न्हवं? आलो बघ," असं म्हणत खुर्चीत बसली. डाव्या डोळ्याचा फोटो काढला तर नुसता गढूळ काळोख. तीन वेळा काढला. उजव्या डोळ्यात पडदा दिसला, पण त्यावर कुंकू सांडल्यासारखे लाल ठिपके. फोटो डॉक्टरांकडे गेले आणि थोड्या वेळानं उत्तर आलं: डाव्याला उशीर झालाय, उजव्याला आठवड्याच्या आत लेसर.

"अक्का, तुझा मोती न्हाय. पडदा गेलाय डावा."

"मग त्यात पिकायचं काय?"

"काय पिकायचं नसतंय त्यात. मीच म्हणाले होते तुला."

ती माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघत म्हणाली, "तू दुकानात हुतीस. गडबड असंल." एवढंच. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

लेसर झाला. "मावशी, गेलेलं येणार नाही, आहे तेवढं टिकवायचं," असं डॉक्टर म्हणाले. "टिकंल न्हवं?" तिनं त्यांना नाही, मला विचारलं. मी मान हलवली. टिकेलच असं कुणी सांगू शकत नाही, हे मला माहीत होतं. त्या तिघी बायकांपैकी एकीच्या पडद्यालाही डाग निघाले होते.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच हॉलमध्ये गेलो. या वेळी रिक्षा फिरवावी लागली नाही. अक्कानं घरोघर जाऊन गल्लीच्या गल्ली आणली होती. ती दाराशी बसली होती, उजवा डोळा पुढं यावा म्हणून मान थोडी वाकडी करून. आत चादरींच्या अंधारात मी कॅमेरा पुसत होते आणि तिचा खणखणीत आवाज मला ऐकू येत होता.

"माझ्या बहिणीचा काय दोष न्हाय. तिनं फोनवर 'लगीच दाखव' म्हणूनच सांगितलंतं. मीच बहिरी, मला 'पिकू दे' ऐकू आलं. तुम्ही न्हाय थांबायचं."

"व्हय की, अक्कांना कमीच ऐकू येतंय," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. अक्काही हसली. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

दार चार पावलांवर होतं. उठून बाहेर जायचं आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच करायचं होतं.

"पुढच्या मावशी, आत या," मी म्हणाले.