सड्यावरची तपासणी

६ फेब्रुवारी २०२४, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. शाहूवाडीतल्या त्या सड्यावर मी पोहोचले, तेव्हा दोन वर्षांच्या अभ्यासाची अखेरची फेरी सुरू व्हायला वीस मिनिटे उरली होती.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्याचे उघडे पठार. पाहणाऱ्याला ते ओसाड वाटते. प्रत्यक्षात तिथल्या सुट्या दगडांखाली भर उन्हाळ्यातही गारवा टिकतो, आणि त्या गारव्यावर पाली, विंचू, घोणींसारखे शतपाद किडे, फुरशी तग धरतात. असे एकशे वीस दगड मी निवडले होते. प्रत्येकाच्या खालच्या बाजूला पिवळ्या रंगात क्रमांक घातला होता. दर महिन्याला दगड उचलायचा, जड असेल तर पहारेने कलता करायचा, खालचे जीव मोजायचे आणि तो होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवायचा. जानेवारीत एकोणपन्नास जीव मिळाले होते.

त्या सकाळी सड्यावर नजर पोहोचेल तिथवर एकही सुटा दगड दिसेना.

पायवाटेच्या दोन्ही कडांना मात्र पांढऱ्याशुभ्र धोंड्यांची रांग लागली होती. मधूनमधून गेरूचा पट्टा. शेवटी सुतळीला बांधलेली आंब्याची पाने. मी हातातली वही मिटली, पुन्हा उघडली. आपण चुकीच्या पठारावर आलो आहोत, असे मला काही क्षण खरोखरच वाटले.

"या की ताई!" ज्यांच्या घरी मी उतरत असे, ते मामा समोरून हसत आले. "कसं चकचकीत केलंय बघा! सायबास्नी एक धोंडा आडवा याचा न्हाय."

"मामा, हे दगड कुणी हलवले?"

"कुणी म्हंजे? अख्ख्या वाडीनं! दोन दिस राबलोय. तुमची मामी तर म्हणती, सड्यावर सडा तेवढा घालायचा ऱ्हायलाय."

"आणि दगडांखाली जे होतं ते?"

"इच्चू लई निघालं. फुरशी दोन. मारली की! सायबास्नी चावलं आसतं म्हंजे?"

हळूहळू उलगडा झाला. शनिवारी दूध डेअरीवर कॅन घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना मीच सांगितले होते, "मंगळवारी वर तपासणी आहे, कोल्हापूरहून सर येणार आहेत, जनावरं सोडू नका." एवढे सांगून मी माझ्या घरी परतले होते, ती थेट आज सकाळी आले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक प्राध्यापक. पण स्वच्छता अभियानापासून शाळेपर्यंत या वाडीने जेवढ्या तपासण्या पाहिल्या होत्या, त्या सगळ्यांचा अर्थ एकच होता: झाडलोट, चुना, गेरू. 'मोजणी' म्हटले असते, तर जमिनीची मोजणी समजून फार तर दोन भाऊ भांडले असते. नेमका शब्द वापरल्याचा मला अभिमान होता. तो शब्द त्यांच्यासाठीही तितकाच नेमका होता.

मी रांगेतला एक दगड उचलला. तो उलटा लावला होता, त्यामुळे खालची बाजू वर येऊन चुन्याखाली गेली होती. नखाने खरवडल्यावर पिवळा सत्तेचाळीस दिसला. शेजारी दोन बारीक उंचवटे होते. पाली दगडाच्या पोटाला अंडी चिकटवतात. ती अंडी दगडासकट रंगवली गेली होती.

माझा चेहरा पाहून मामांचे हसू मावळले. त्यांनी मुंडासे काढून हातात घेतले. "चुकलं व्हय? मग सांगा, कुठला धोंडा कुठं. पंधरा माणसं आणतो. सायेब याच्या आत लावून देतो. कुणाला कळायचं न्हाय बघा."

सर साडेनऊला येणार होते. प्रत्येक दगडाची जागा माझ्या नकाशात होती. दगड खरवडून, जागच्या जागी ठेवून ही फेरी पार पडल्यासारखी दाखवणे अशक्य नव्हते. मी त्याचा विचार केला. पूर्ण एक मिनिट केला.

"दगड नंतर लावू, मामा," मी म्हणाले. "आधी आहे तसं मोजते."

पेलवले नाहीत म्हणून पूर्वेकडचे काही मोठे दगड जागीच राहिले होते. मामा पहार घेऊन सोबत आले. प्रत्येक दगड त्यांनी अगदी हलक्या हाताने कलता केला. आम्ही पूर्वेच्या टोकापर्यंत गेलो. ८ वाजून ५५ मिनिटांनी मी नोंद केली: जागेवरचे दगड, अकरा. जिवंत प्राणी, तीन.