पेंटरकाकांचा खांदा

पेंटरकाकांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवली. पुढे छापील पाट्या आल्या आणि ब्रश माळ्यावर गेले. सत्तरीत उजवा खांदा असा आखडला, की केस विंचरायचीही चोरी झाली.

काकू त्यांना हट्टानं फिजिओथेरपीला घेऊन गेल्या. तिथली मुलगी खांद्यावर लाल प्रकाशाचं यंत्र धरायची. "काका, यानं ठणका कमी होईल. हात मात्र तुम्हालाच हलवायचाय." प्रकाशाची ऊब लागली की काकांना जुने दिवस आठवायचे. ते गप्पांत रंगले, की ती हळूच त्यांचा हात आणखी वर न्यायची.

काही महिन्यांनी हात डोक्यावर गेला. त्या दिवशी परतताना काकू एका बंद बेकरीसमोर थबकल्या. वरच्या पाटीचा रंग पार उडाला होता.

"ही तुमचीच ना हो?"

काकांनी हात सरळ वर केला आणि हवेतच त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझीच. पण शेवटचं अक्षर तिरकं गेलंय की! खाली शिडी धरून तू उभी होतीस ना? बोलली का नाहीस?"

"नवं लग्न झालेलं," काकू म्हणाल्या. "माझं लक्ष अक्षरांकडे होतंच कुठे!"