वाफ कोरडी होईपर्यंत

खरी वाफ दिसत नाही, असं सत्यवान घाडी एकतीस वर्षं सांगत आला होता.

"जी पांढरी दिसता ती वाफ न्हय रे, ता पाणी," तो म्हणायचा, आणि ऐकणारे हसायचे.

वैभववाडीकडच्या, घाटाखालच्या छोट्या साखर कारखान्यात तो टर्बाइनवर होता. हंगाम संपला की यंत्र पाच-सहा महिने थंड पडे. मग पहिल्या दिवशी वाफ त्या गार लोखंडात शिरायची, शिरता शिरता तिचं पाणी व्हायचं आणि पाइपाच्या खालच्या वळणात साचून राहायचं. ते पाणी भिंतीबाहेरच्या एका नळीतून काढून टाकायचं. पाणी असेतो नळीच्या अगदी तोंडापासून पांढरा ढग उठे. वाफ कोरडी झाली की तोंडाशी चार बोटं काहीच दिसत नसे. नुसती मोकळी हवा, आणि ढग त्याच्या पुढे. त्या चार बोटांच्या रिकामेपणाची सत्यवानला ओढ होती. शेतावर सकाळी धुकं पाण्यापासून थोडं वर तरंगत असलं, तरी तो बांधावर उभाच राहायचा. बायको सुगंधा हाक मारून थकायची.

दोन वर्षांपूर्वी घाईत त्याने नळी लवकर बंद केली होती. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं आणि त्याने ऐकलं. पुढे यंत्र उघडलं तेव्हा दोन पाती मुरडलेली निघाली. भिरभिरत्या पात्याला पाणी दगडासारखं लागतं. त्या वाकलेल्या पात्यांवरून बोट फिरवून तो घरी आला होता आणि जेवला नव्हता.

यंदा हंगामाच्या पूजेला पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं काम दर वर्षी सत्यवानचं. केयूर हा नवा इंजिनिअर सारखा मनगटाकडे बघत होता.

"काका, तापमान आलंय. तुमचं गाऱ्हाणं संपलं की वाफ द्यायची. पाहुण्यांना अकराला निघायचंय."

"साहेब, पाइपाच्या पोटात अजून पाणी आहे."

"काटा खोटं बोलत नाही, काका."

उघड्या दारातून नळी दिसत होती. तिच्याजवळ उभ्या असलेल्या गंगाराम फिटरने मान हलवली. नाही.

सत्यवानने नारळ हातात घेतला. गाऱ्हाणं संपल्यावर वाफ द्यायची ना? मग गाऱ्हाणं संपवणं त्याच्या हातात होतं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्यो जो कारखानो सुरू करूचो बेत केलेलो आसा, तो सुखरूप पार पाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

एरवी तीन-चार मिनिटांत आटोपायचं. आज त्याने गावचे देव बोलावले, वेशीवरचे बोलावले, घाटातल्या वळणांचे राखणदार बोलावले. मग तो खाली उतरत गेला, नदीबरोबर, खाडीपर्यंत, मालवणच्या समुद्रापर्यंत. आवाज आपोआप चालला होता. आपण झोपेत बोलतोय असं त्याला वाटत होतं, आणि त्या झोपेत जगभरचं पाणी थेंबाथेंबाने एका नळीतून बाहेर पडत होतं.

"अजून किती देव आहेत हो?" एका पाहुण्याने विचारलं.

"काका, आटपा!" केयूर कानाशी पुटपुटला.

"आणि महाराजा, जो कोण हय घाई करता, त्येका वायच धीर दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" कामगार गरजले. पाहुणेही हसले.

केयूरचे कान लाल झाले. म्हातारा एकटक कुठे बघतोय म्हणून त्यानेही दाराबाहेर पाहिलं. मग तो नळीपाशी गेला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. बराच वेळ तसाच होता. आत सत्यवान उसाला लागणारी कीड, ट्रकांचे टायर, मुंबईला गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेत राहिला. घसा बसत आला होता.

ढग नळीच्या तोंडापासून सुटला. आधी बोटभर, मग चार बोटं.

केयूरने तिथूनच हात वर केला. सत्यवानने नारळ फोडला, वाफ हळूहळू सोडली. यंत्र फिरलं, गुणगुणू लागलं. कुठे खडखड नाही. त्याने गरम कवचाजवळ कान नेला आणि डोळे मिटले.

पाहुणे साडेअकराला गेले. सत्यवान नळी बंद करायला बाहेर आला तेव्हा केयूर अजून तिच्याकडेच बघत होता.

"काका, तिथे खरंच काही नाहीये असं वाटतं. बोट घालून बघावंसं वाटतं."

सत्यवानने त्याचं मनगट घट्ट धरलं. एवढ्या दिवसांत त्याने साहेबांना एकेरी हाक मारली नव्हती.

"घालू नको रे बाबा! हाडावरचा मास सुटतला."